शनिवारचं इंजेक्शन

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत सुशील रेवतकरचं मोटर भरायचं दुकान आहे. काटोल, नरखेड, सावनेर या बाजूच्या शेतातल्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडे येतात. जळकी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या आणि नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजत बसवायची, हे त्याचं काम. मोटर जळाली की शेतकरी आधीच पेटलेला असतो. तो दुकानात येऊन आरडाओरडा करतो. सुशील त्याला स्टूल देतो, चहा मागवतो आणि हसत म्हणतो, "बसा नं भाऊ, मोटर गरम झाली, तुम्ही काहून होता?" त्याला चिडलेला पाहिलाय असा माणूस त्या गल्लीत सापडायचा नाही.

घरात मात्र चौघांनी पाहिला होता. त्यातला एक आता नाही.

सुशीलचे वडील महादेवराव नरखेड तालुक्यात, जलालखेड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायचे. संत्र्याची बाग, थोडी मोसंबी, बाकी कपाशी. माणूस उंच, वाळका आणि बोलायला कमी. पण एक गोष्ट ते रंगवून सांगत. गावात कोणी पाहुणा आला, एसटीत शेजारी कोणी ओळखीचा निघाला, लग्नाच्या मांडवात गप्पा रंगल्या, की ती गोष्ट निघायचीच. चौऱ्याण्णव साली सुशील बावीस वर्षांचा असताना काटोल रोडवर एका ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं होतं. मांडीचं हाड बाहेर आलेलं, रक्त थांबत नव्हतं. नागपूरला आणेपर्यंत पोरगा पांढरा पडला. डॉक्टर म्हणाले, रक्त आणा, आत्ताच्या आत्ता. महादेवरावांचं स्वतःचं रक्त जुळलं नाही. त्या वेळी रक्त देणारी माणसं दवाखान्याबाहेर उभी असत, रक्त देणं हाच त्यांचा धंदा. तसा एक माणूस महादेवरावांनी शोधला, त्याला हाताला धरून रक्तपेढीत नेलं आणि भरलेली बाटली सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून सायकलरिक्षातून परत आणली. "रिक्षावाल्याले म्हतलं, गड्डा चुकव बापा, माह्या पोटाशी माहा पोरगा आहे," असं ते सांगत आणि ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावत.

सुशील वाचला. पाय किंचित आखूड राहिला, तेवढंच. शेतीचं काम झेपणार नाही म्हणून तो मोटर भरायला शिकला, नागपुरात दुकान टाकलं, मानेवाड्याकडे दोन खोल्या बांधल्या. वंदनाशी लग्न झालं, श्वेता झाली. दर दिवाळीला गावी गेला की वडिलांच्या तोंडून ती गोष्ट कानावर पडायची. तो लाजून हसायचा. त्याला ती आवडायची.

दोन हजार दहा साली गणपतीत मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं. सुशीलनं पहिल्यांदाच रक्त दिलं. आपल्याला कोणीतरी दिलं होतं, आपण कोणाला तरी द्यावं, एवढाच त्याचा हिशेब. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की तुमच्या रक्तात काहीतरी निघालंय, येऊन भेटा. मग तपासण्या झाल्या आणि धंतोलीतल्या एका लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंसमोर तो आणि वंदना जाऊन बसले. बाईंचं नाव उत्तरा. पेशंट त्यांना उत्तरा मॅडम म्हणत.

"हिपॅटायटिस सी," मॅडम म्हणाल्या. "लिव्हरमध्ये राहणारा विषाणू आहे. बरीच वर्षं आहे तुमच्या अंगात."

"पण मले कावीळ कधी झालीच नाही."

"होतच नाही बऱ्याच जणांना. तो गुपचूप राहतो. कधी रक्त चढवलं होतं का? जुन्या काळी?"

सुशीलनं वंदनाकडे पाहिलं. वंदनानं मान खाली घातली. ती गोष्ट तिनंही पन्नास वेळा ऐकली होती.

मॅडम समजावून सांगणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढलं आणि त्यात बारीक बारीक घरं आखली. विषाणू एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी गप्प बसत नाही, त्या म्हणाल्या. ती एक प्रथिन बाहेर सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन. ते शेजारच्या पेशींना सावध करतं आणि शेजारच्या पेशी आपापली दारं लावून घेतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, थंडी वाजते, कशात मन लागत नाही, ते बरंचसं विषाणूमुळे नाही, आपल्याच शरीरानं सोडलेल्या अशा निरोपांमुळे होतं. पण हा विषाणू लबाड. पेशीच्या आतली निरोप देणारी यंत्रणाच तो कापून टाकतो. "म्हणून आपण तेच इंटरफेरॉन बाहेरून द्यायचं. आठवड्यातून एक इंजेक्शन, सोबत रोज गोळ्या. जवळजवळ वर्षभर. त्रास होईल. फ्लू झाल्यासारखं वाटत राहील."

"वर्षभर फ्लू?" वंदनानं विचारलं.

"साधारण तसंच. आणि मूडवर परिणाम होऊ शकतो. चिडचिड, उदासी. तसं काही वाटलं तर मला लगेच सांगायचं."

दोघांनी मान डोलावली. घरी येताना रिक्षात सुशील एकदाच बोलला. "बाबाले सांगू नको." वंदना म्हणाली, "नाई सांगत." मधल्या रस्त्यात त्याच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला होता. माणूस तरी पाहून आणायचा होता बाबांनी. विचार आला तसा त्यानं झटकून टाकला. पण तो आला होता, हे त्याच्या लक्षात राहिलं.

डिसेंबरात इंजेक्शनं सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी पोटावर टोचून घ्यायचं, म्हणजे ताप रविवारच्या सुट्टीत निघून जाईल. पहिले दोन-तीन महिने तसंच चाललं. बारा आठवड्यांनी तपासणी केली तर रक्तात विषाणू सापडलाच नाही. मॅडम खूश झाल्या. शरीरानं छान साथ दिली, म्हणाल्या, आता मधे सोडायचं नाही.

विषाणू गेला तसा सुशीलही कुठेतरी जायला लागला. केस गळायला लागले, जिभेवर लोखंडाची चव बसली. मोटर उघडून तो समोर बसायचा आणि कुठून सुरुवात करायची तेच त्याला कळायचं नाही. इतक्या वर्षांचं हातचं काम. श्वेता शेजारच्या मुलींबरोबर हसत असली की त्याच्या डोक्यात कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. एकदा टीव्हीवर साबणाची जाहिरात पाहताना तो रडायला लागला. वंदनाला वाटलं, तापानं माणूस हळवा होतो. मॅडमकडे गेल्यावर मॅडम विचारायच्या, "झोप कशी आहे? मन?" सुशील म्हणायचा, "ठीक आहे." वंदना शेजारीच बसलेली असायची. नवऱ्याच्या तोंडावर त्याचं खोटं उघडं पाडायचं तिला जमलं नाही. शिवाय मनाचं काही निघालं तर इंजेक्शन बंद होईल, अशी धास्ती दोघांच्याही पोटात होती.

मे महिन्यात महादेवराव आले. मृग बहारासाठी झाडं ताणावर सोडलेली, पाणी बंद, त्यामुळे बागेत काम नव्हतं. पोराला लिव्हरचा काही आजार आहे, मोठं औषध चालू आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. येताना मोसंबीचं पोतं घेऊन आले. रोज सकाळी स्वतः रस काढायचे आणि पेला घेऊन खाटेपाशी उभे राहायचे. "पे गा, सुशील. थोडासा पे." सुशीलला त्या पेल्याचा वास सहन व्हायचा नाही. तो भिंतीकडे तोंड करायचा. म्हातारा पेला झाकून ठेवायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा आणायचा.

तो रविवार होता. बाहेर नागपूरचं ऊन रणरणत होतं आणि घरात कूलर बंद होता, कारण सुशीलला थंडी वाजत होती. दोन चादरी अंगावर घेऊन तो खाटेवर पडलेला. शेजारच्या शोभाताई विचारपूस करायला आल्या. वंदनानं त्यांना पाणी दिलं. शोभाताई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "किती भोगून राहिला बिचारा." महादेवरावांना तेवढं निमित्त पुरलं.

"भोगन आणि उठन," ते म्हणाले. "त्यानं मरन पाह्यलेलं आहे, ताई. हे तर काहीच नाही. चौऱ्याण्णव साली ट्रकानं उडवलं होतं याले. डॉक्टर म्हणे, रक्त आणा. मी म्हतलं, आणतो. या हातानं आणली मी बाटली, हे अशी पोटाशी धरून..."

"बाबा, बस करा."

"काहून गा? खोटं सांगून राहिलो का?"

सुशील उठून बसला. वंदना स्वयंपाकघरातून आली, तिला त्याचा चेहरा दिसला आणि ती "अहो" एवढंच म्हणाली.

"तीच बाटली आहे ही," सुशील म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. वंदना पुढे सांगायची, ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्याच बाटलीतून आला हा रोग. कोण्या दारुड्याचं रक्त भरलं तुम्ही माह्या अंगात. जहर आणलं पोटाशी धरून, आन् इतके वर्षं मिरवून राहिले गावभर. त्यापेक्षा मरू द्याचं होतं मले."

शोभाताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. श्वेता दारात उभी होती, तेव्हा दहा वर्षांची. वंदनानं तिला आत ओढलं.

महादेवरावांनी पोराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, सुशीलला नव्हे, वंदनाला, "खरं होय का हे?"

वंदनाला खोटं बोलता आलं नाही.

"मले मालूम नोतं, बापू," ते म्हणाले आणि उठले. टोपी घातली. पिशवी मागितली. वंदनानं हातापाया पडून सांगितलं, ऊन उतरू द्या, संध्याकाळच्या गाडीनं जा, ते तापात बोलले. "नाई वं माय, तो बराबर बोलला," असं म्हणून ते निघाले. गणेशपेठच्या स्टँडपर्यंत पायीच गेले असं नंतर कळलं.

सुशील पुन्हा आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्याला काहीच वाटलं नाही. राग नाही, वाईट नाही, काही नाही. पुढे सगळ्यात जास्त त्याला हेच खुपायचं. जे बोललो ते तर बोललोच, पण बाप उन्हात निघून गेला आणि आपल्याला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वंदना एकटीच मॅडमकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही मला दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं."

"वाटलं, इंजेक्शन बंद कराल."

"बंद नसतं केलं. मनासाठी गोळी दिली असती." मग वंदनाचा चेहरा पाहून त्या मऊ झाल्या. इंटरफेरॉनचा निरोप लिव्हरपुरता राहत नाही, त्या म्हणाल्या, मेंदूलाही पोचतो. आजारी माणूस कोपरा धरून बसतो, त्याला कोणी नको होतं, ते याच प्रथिनांमुळे. शरीरच सांगत असतं की पडून राहा, कोणाला जवळ येऊ देऊ नको. चार दिवसांच्या तापात ते चालून जातं. पण इथे आपण तोच निरोप महिनोन् महिने देत राहतो. "ते त्यांचं मन नाही, औषध बोलतंय. त्यांना सांगा. वडिलांनाही सांगा."

गोळी सुरू झाली. पाऊस पडून जमीन ओली होईपर्यंत सुशील थोडा थोडा वर आला. एके दिवशी त्यानं एक मोटर उघडली आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण भरली. इंजेक्शनं हिवाळ्यात संपली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, विषाणू नाही. मॅडमनी हात मिळवला. वंदनानं देवळात नारळ फोडला.

गावाहून आई फोन करायची. रंभाबाईंचा आवाज मोठा, फोन कानापासून लांब धरावा लागायचा. "बाबा कुठं आहेत?" सुशील विचारायचा. "वावरात गेले," ती म्हणायची. दर वेळी वावरात. सुशीलला वाटायचं, राग आहे. साहजिक आहे. थोडा निवू द्यावा.

वंदना म्हणायची, "मॅडम बोलल्या नं, ते औषध होतं म्हणून. मंग हेच जाऊन सांगा त्याहीले."

"सांगतो," तो म्हणायचा.

सांगणं सोपं नव्हतं. कारण ते पुरतं खरं नव्हतं. पहिलं इंजेक्शन टोचायच्या कितीतरी आधी, त्या रिक्षात, तो विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. औषधानं तो नव्यानं आणला नव्हता, फक्त त्यावरचं झाकण काढलं होतं. मग बापापुढे जाऊन काय म्हणायचं? ते मी नव्हतो म्हणायचं? मोटर भरणाऱ्या माणसाला खोटा वेढा देता येत नाही. तिथेच तो अडायचा.

मग एक निमित्त मिळालं. उपचाराच्या वेळी मॅडमनी त्याची परवानगी घेऊन त्याचं थोडं रक्त एका अभ्यासासाठी पाठवलं होतं. पुढच्या साली वर्षाच्या तपासणीला गेला तेव्हा त्यांनी सांगितलं. इंटरफेरॉन सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. काहींचं शरीर त्याला चटकन साथ देतं, काहींचं देतच नाही, आणि ते बऱ्याच अंशी जन्मजात असतं. "तुमच्यात ते चांगलं आहे. दोन्हीकडून आलेलं आहे, आईकडून आणि वडिलांकडून. एकाकडूनच आलं असतं तर कदाचित इतकं सोपं गेलं नसतं."

सुशील दुकानात परत न जाता फुटाळा तलावाच्या काठावर जाऊन बसला. आता त्याच्याकडे बापाला सांगण्यासारखं काहीतरी होतं. माफी मागायची गरज नव्हती, खोटंही बोलायचं नव्हतं. एवढंच म्हणायचं, बाबा, मी बरा झालो ते तुमच्याकडून आलेल्या रक्तामांसामुळे.

फेब्रुवारीत संत्र्याची तोड चालू असताना तो गावी गेला. मनात वाक्य घोळवतच एसटीतून उतरला. बागेत बायका संत्री निवडत बसल्या होत्या, कॅरेट भरले जात होते, आणि बांधावर व्यापारी भैयाजी पाय पसरून बसले होते. महादेवरावांनी पोराला लांबूनच पाहिलं, उठून पुढे आले आणि तीन पावलांवर थांबले.

"बरा हायेस नं?"

"हाव."

"मंग झालं."

विहिरीवरची मोटर गुणगुणत होती, आवाज बरोबर नव्हता. सुशील म्हणाला, "बेअरिंग गेलं वाटते." "हो का?" म्हातारा म्हणाला. दोघं विहिरीवर गेले. दुपारभर सुशीलनं मोटर खोलली, महादेवराव पाना देत राहिले, फडकं देत राहिले. बोलणं झालं ते बेअरिंगचं झालं. दोनदा वाक्य सुशीलच्या ओठापर्यंत आलं. एकदा भैयाजींनी हाक मारली, एकदा कोणीच मारली नाही आणि तरी ते परत गेलं. संध्याकाळच्या गाडीनं तो निघाला.

"बोलले का?" वंदनानं विचारलं.

"भैयाजी होते," तो म्हणाला.

अशी वर्षं गेली. महादेवराव नागपूरला येईनासे झाले. श्वेताचं गॅदरिंग झालं, ती हायस्कूलात गेली, प्रत्येक वेळी निरोप आला की वावरात काम आहे. सुशील दिवाळीला दोन दिवस जायचा, मोटर पाहायचा, परत यायचा. पाहुण्यांच्या गर्दीत आता महादेवराव कपाशीच्या भावाबद्दल बोलायचे. ती जुनी गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकली नाही.

दोन हजार पंधराच्या दिवाळीनंतर ते विहिरीच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला आणलं. ऑपरेशन ठरलं, पण अंगात रक्त कमी होतं. डॉक्टर म्हणाले, आधी रक्त चढवावं लागेल. महादेवरावांनी हात आखडून घेतला.

"मले कोणाचंच रक्त नोको."

नर्सनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. म्हातारा ऐकेना. ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या, म्हणे. खाली रक्तपेढीच्या खिडकीशी सुशील उभा होता. बदल्यात रक्त द्यायला तो हात पुढे करून गेला होता. पण एकदा तो आजार झालेल्याचं रक्त घेत नाहीत, बरा झाला तरी, असं तिथल्या माणसानं सांगितलं. शेवटी वंदनानं दिलं. सुशील वर आला आणि खाटेशेजारी बसला. वॉर्डात दुपारची शांतता होती.

"बाबा, आता तसं नाही राहात. एकेक बाटली तपासतात."

"तवाबी तपासली असन."

"तवा हा रोग तपासाची सोयच नोती इथं. कोणालेच मालूम नोतं."

महादेवरावांनी त्याच्याकडे पाहिलं. "मंग मले कसं मालूम असतं गा?"

त्यात तक्रार नव्हती. खरोखर विचारल्यासारखं त्यांनी विचारलं होतं, जणू इतकी वर्षं हाच प्रश्न ते स्वतःला घालत होते. सुशीलनं स्टूल आणखी जवळ ओढलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. इंजेक्शन म्हणजे काय होतं, ते अंगातलंच कसं असतं, डोक्यावर कसं चढतं. आणि ते दुसरंही. कोणाचं शरीर त्याला साथ देतं, कोणाचं देत नाही, आणि त्याच्या अंगात ती साथ कुठून आली होती.

"म्हंजे?" महादेवराव म्हणाले.

"म्हंजे मी वाचलो त्यातलं अर्धं तुमच्याकडून आलं होतं. अर्धं आईकडून."

ते छताकडे पाहत राहिले. "हे कवा सांगतलं डॉक्टरीणबाईनं?"

"तीनेक वर्षं झाले."

"तीन वर्षं," ते म्हणाले. "आन् तू आता सांगून राहिला."

सुशीलनं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं मान वळवली.

"मले एक सांग. त्या दिवशी ते इंजेक्शन बोललं का तू बोलला?"

एका शब्दात मोकळं होता आलं असतं. इंजेक्शन बोललं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मॅडमनीही तेच सांगितलं होतं. पण त्या डोळ्यांपुढे त्याला ते जमलं नाही.

"दोघंही, बाबा."

महादेवरावांनी डोळे मिटले. सुशीलला वाटलं, आता संपलं. मग ते म्हणाले, "खरं बोलला," आणि सुईसाठी हात पुढे केला. "बोलाव त्या नर्सबाईले."

ऑपरेशन चांगलं झालं. तो हिवाळा महादेवरावांनी मानेवाड्यातच काढला. वॉकर घेऊन अंगणात फिरायचे, वंदनाच्या हातची झुणका-भाकर खायचे, संध्याकाळी सुशील दुकानातून आला की कोणत्या गावची मोटर आली होती ते विचारायचे. सुशीलला वाटलं, आता वेळ आहे. मागची वर्षं हळूहळू भरून काढू.

एके दिवशी श्वेतानं आजोबांजवळ बसून म्हटलं, "आजोबा, पप्पांच्या अ‍ॅक्सिडेंटची गोष्ट सांगा नं, ती रिक्षावाली. मी लहान होती तेव्हा ऐकली होती."

महादेवराव थोडं हसले. "विसरलो वं पोरी," ते म्हणाले.

सुशील तिथेच बसून होता. विसरले नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी सांगतो म्हणायला हवं होतं, आणि बापाच्या देखत, बाप सांगायचा तशी, रिक्षातल्या खड्ड्यांसकट ती गोष्ट सांगायला हवी होती. पण त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

उन्हाळ्याआधी महादेवराव हट्टानं गावी परतले. बागेला पाणी कोण देणार म्हणे. पावसाळ्यात छातीत कफ झाला, चार दिवस अंगावर काढला आणि जलालखेड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

आता दहा वर्षं होत आली. त्या रोगावर इंजेक्शनं कोणी देत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या असतात. परवा सावनेरकडचा एक शेतकरी मोटर घेऊन आला होता, बोलता बोलता म्हणाला की मलाही तो आजार निघाला होता, गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. सुशीलनं विचारलं, त्रास काय झाला? "काहीच नाही भाऊ. डोकं दुखलं दोन दिवस." सुशील म्हणाला, "चांगलं झालं," आणि ते मनापासून म्हणाला. पण तो गेल्यावर हातातली तार तशीच राहिली. इंजेक्शन संपलं त्यानंतर चारेक वर्षांतच त्या गोळ्या आल्या होत्या. त्यानं एकदा मॅडमना विचारलंही होतं, मी थांबलो असतो तर? मॅडम म्हणाल्या, थांबा असं मी तुम्हाला कशाच्या जोरावर सांगितलं असतं?

बाग आता बटाईनं दिलेली आहे. रंभाबाई नागपुरातच असते, पोराजवळ. श्वेता मिहानमधल्या एका कंपनीत जाते, सकाळी साडेसातला तिची बस येते. मागच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी रंभाबाई ओट्यावर उन्हात मेथी निवडत बसली होती आणि सुशील तिच्यापाशी बसून काड्या वेगळ्या करत होता. कशावरून तरी महादेवरावांचं नाव निघालं.

"लय वर्षं राग धरला त्यायनं माह्यावर," सुशील म्हणाला.

रंभाबाईनं मान वर केली. "कोणं? तुह्या बापानं?"

"मंग. फोनवरबी येत नोते."

"राग कायचा आला बापा," ती म्हणाली. "मी फोन लावला का माह्या बाजूले येऊन उभे राहात. तुहा आवाज ऐकत. मी म्हणो, घ्या नं, बोला. तं हात हालवत. मले म्हणत, कोणत्या तोंडानं बोलू? माह्या हातानं पोराच्या अंगात गेलं ते." तिनं जुडी झटकली. "त्याईले लाज वाटे, सुशील. राग नोता."

तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. शोभाताईंच्या अंगणापर्यंत गेला असेल.

चार वर्षं तो बापाचा राग निवायची वाट पाहत होता. नसलेला राग.

"मंग मले काहून नाही सांगतलं, आई?"

"तू कधी विचारलं?" रंभाबाई म्हणाली. तिनं त्याच्या पुढ्यातला ढीग आपल्याकडे ओढला आणि त्यातली पानं पाहिली. "आन् तू काड्या कायले ठेवून राहिला भाजीत? दे इकडं."

त्यानं भाजी दिली. आत वंदना कुकर लावत होती. ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवर गेलं तरी तो तिथेच बसून होता.